धोटा

पाचपावलीत मे महिन्याची दुपार होत नाही,
उकळते.
कुत्री नालीच्या ओलीवर पोट टेकून,
आणि बाप मागाच्या खड्ड्यात
कमरेपर्यंत जमिनीत,
जणू कुणी त्याला अर्धाच पेरलाय.

मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायची.
धोमनेच्या दुकानातलं पुस्तक,
दिवसाला दहा पैसे,
फाटकं असलं तर पाच.
आम्ही फाटकीच आणायचो.

एक यान निघालं होतं
तीन सूर्यांच्या गावी.
"तीन?" बापानं दोरी सोडली.
"इथं एकातच जीव चालला, बाप्पा!"
आणि खटक-खट पुन्हा सुरू.

आई तांदूळ निवडत होती.
"खोट्या गोष्टी साऱ्या. त्यानं पोट भरते का?"
पण यानातली पाण्याची टाकी फुटली
तेव्हा सूप तसंच राहिलं तिच्या मांडीवर.
"मंग? प्याले काय त्याईनं?"
आमच्या नळाला पाणी यायचं पहाटे तीनला, अर्धा तास.
त्या टाकीची काळजी
घरात तिच्याइतकी कुणालाच नव्हती.

मग एकदा बापानं विचारलं,
"तिथं कापड कोन विनते?"

पुस्तकात नव्हतं.
यंत्रमानव होते, दोन शेपट्यांचा सेनापती होता,
बर्फात झोपलेली राणी होती तिच्या शंभर दासींसकट,
सगळे अंगभर कपडे घालून फिरत होते
आणि ते विणले कुणी
हे लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

मी पानावरची नजर न काढता म्हटलं,
"एक म्हातारा विणतो.
चंद्रावर खड्डे आहेत ना, त्यातल्या एकात बसून."
बाप काही बोलला नाही.
खटक्याचा ताल मात्र जरासा बदलला.

पेपरात शटल आलं ते त्याच उन्हाळ्यात.
आकाशात जाऊन परत येणारं.
धोमनेनं चष्मा पुसून डिक्शनरी उघडली,
बोट फिरवत फिरवत थांबला,
"अगं, हा तर धोटा!"
मी अनवाणी पळत आले डांबरावरून,
फोड नंतर दिसले.

बापानं धोटा तळहातावर घेतला.
घामानं गुळगुळीत, दोन्ही टोकांना लोखंड,
पोटात सुताची कांडी.
"हा?"
बराच वेळ पाहत राहिला.
"जाते अन् परत येते.
दुसरं येते काय याले?"

संध्याकाळी सायकलच्या दांडीवर बसवून
त्यानं मला शून्य मैलाच्या दगडाशी नेलं.
त्याला वाचता येत नव्हतं.
मी वाचलं : कवठा. चांदा. सिवनी. बैतुल.
कुठं किती मैल, सगळं.
"अन् थितलं?" त्यानं मान वर केली.
"नाही लिहिलं."
"मंग बरं हाये," म्हणाला,
आणि आम्ही तर्री न घालता चना-पोहे खाल्ले,
कारण तर्रीचे चार आणे वेगळे होते.

त्या पुस्तकाची शेवटची नऊ पानं नव्हतीच.
यान पोचलं की नाही,
यावर घरात तीन मतं होती.

माग मोडीत गेला.
खड्डा बुजवून वर फरशी घातली,
आता तिथं फ्रिज उभा आहे.
मेमध्ये रात्री तो घरघरत सुरू होतो
तेव्हा अंथरुणात मला
उगाचच कुठंतरी निघाल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी सीताबर्डीच्या फुटपाथवर
ढिगातून तेच पुस्तक निघालं, अख्खं.
तीस रुपयांना.
उभ्यानंच नऊ पानं वाचली.
पोचतात ते.
झेंडा रोवतात, भाषण होतं, संपतं.
म्हातारा कुठंच नव्हता.

घरी येऊन चष्मा शोधला, पेन्सिलला टोक केलं.
शेवटच्या पानाच्या समासात
जागा थोडीच होती,
तेवढ्यात
त्याला कमरेपर्यंत बसवला.